बेरजेनें पोंचणारा निरोप



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारीचा परिसर भूकंपानें उद्ध्वस्त झाला. हजारों माणसें झोपेंतच दगावलीं. अशा समयीं तारा तुटतात आणि बिनतारी निरोपावरच सारी भिस्त उरते. परंतु आकाश सर्वांचें एकच. एकाच लहरीवर दोघे एकदम बोलले, तर दोघांचेंही बोलणें वायां जातें. थोडक्या वेळांत निरोप निश्चित कसा पोंचवावा, या प्रश्नाचें एक उत्तर शाळेंतल्या बेरजेइतकें सोपें आहे.

अशी कल्पना करा कीं, नांदेड व लातूर येथील यंत्रांचा आवाज एकमेकांस थेट पोंचत नाहीं. म्हणून वाटेवरील अहमदपुरास मधलें केंद्र ठेविलें आहे. नांदेडनें ७ हा अंक धाडला, लातूरनें ५. केंद्रानें ते एकामागून एक पुढें पाठविले, म्हणजे एकंदर चार खेपा झाल्या. त्याऐवजीं केंद्रानें १२ ही बेरीज एकदांच उच्चारली तर? नांदेड आपले ७ वजा करून ५ मिळवील; लातूर ५ वजा करून ७. तीन खेपांत काम झालें! यंत्रें ० व १ हेच अंक जाणतात आणि बेरजेंत हातचा घेत नाहींत. म्हणून बेरजेचा निरोप मूळ निरोपाहून लांबत नाहीं.

हरवलेल्या निरोपांसही हाच उपाय लागू पडतो. केंद्रानें सर्वांसाठीं दोन निरोप सोडले. नांदेडला पहिलाच ऐकूं आला, लातूरला दुसराच. दोन्ही पुन्हां पाठविण्याचें कारण नाहीं. एक बेरीज दोघांचीही उणीव भरून काढते.

आल्स्वेडे, काय, ली व येउंग यांनीं इ. स. २००० मध्यें या विचाराचा गणिती पाया घातला. पुढें २००६ सालीं अमेरिकेंतील कट्टी, कताबी प्रभृतींनीं वीस यंत्रांच्या बिनतारी जाळ्यावर त्याचा प्रत्यक्ष प्रयोग केला.

मात्र ही युक्ति फुकटची नव्हे. कोणापाशीं काय आहे, याची केंद्राला जाण हवी. ज्यास दोहोंपैकीं एकही निरोप मिळाला नाहीं, त्याला नुसती बेरीज निरुपयोगी. शिवाय एक खोटी बेरीज मध्यें घुसली, तर ती पुढील बेरजांतही मिसळून सर्वत्र पसरते. म्हणून काटकसरीबरोबर पडताळाही हवाच. संकटांत अपुरा निरोप जितका घातक, तितकाच चुकीचा निरोपही घातक.