पोरीची बाटली भरलेलीच का येते?

कामं आवरली असतील, नसतील तर हात चालू ठेवा आणि ऐका.

आज संध्याकाळी पोरगी शाळेतून आली की तिची पाण्याची बाटली उचलून बघा. सकाळी भरून दिली तेवढीच भरलेली असेल, तर तिला तहान लागत नाही असं समजू नका. ती तहान मारते आहे. जवळ बसवून विचारलं तर पुष्कळ पोरी एकच सांगतात, शाळेच्या संडासात जाववत नाही. दाराला कडी नाही, आत पाणी नाही, नाहीतर कुलूप आणि किल्ली गुरुजींच्या टेबलात. गुरुजींकडे किल्ली मागायची म्हणजे सगळ्या वर्गासमोर उठायचं. त्यापेक्षा पाणीच नको, असं पोरी ठरवतात.

दिवसभर लघवी दाबून धरली, पाणी कमी प्यायलं, की जळजळ, ओटीपोटात दुखणं, कधी थंडीताप. असं झालं तर घरगुती काढ्यावर थांबू नका, आरोग्य केंद्रात न्या. उन्हाळ्यात डोकं दुखतं, फळ्यावर ध्यान राहत नाही. पाळी सुरू झाली की दर महिन्याला तीन-चार दिवस घरी. तेवढ्यात गणिताचं एखादं प्रकरण निघून जातं, पुढचं कळत नाही. मग घरात कुणीतरी म्हणतं, हिला डोकंच नाही, आणि स्थळं बघायला सुरुवात होते. एका कडीपायी एवढं होतं, बायांनो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि पिण्याचं सुरक्षित पाणी लिहिलेलं आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. आपल्या गटातली कुणी ना कुणी तिच्यात असेलच. पुष्कळदा तिला फक्त सहीपुरतं बोलावतात, रजिस्टर घरी पाठवतात. माझं म्हणणं, सही करायच्या आधी शाळेत जावं, संडासाचं दार उघडून स्वतः बघावं. एकटीने नको, दोघी-तिघींनी जावं.

सकाळच्या खाण्याचंही बघा. शाळेत दुपारी जेवण मिळतं म्हणून पोरं चहा-खारीवर जातात. प्रार्थनेला उभं राहिलं की भोवळ येते ती त्यामुळेच. रात्रीची भाकरी असेल तर दुधात कुस्करा, शेंगदाण्याची चटणी द्या, काहीतरी पोटात जाऊ द्या. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी, दहा वर्षांपुढे निळी. ती उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, आणि मग गावभर होतं की गोळी बाधली. जेवल्यावर पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते गोळीचंच. जंताची गोळी मात्र चावून खायची असते.

वाटेवर कुणी त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, तर पोरीची शाळा बंद करू नका. शाळा बंद केली तर शिक्षा तिलाच होते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. तो पोरांकडून पाठ करून घ्या.

आता पैशांचं. कडी, बादली, मग एवढं तर शाळेतच भागतं. टाकीला नळ जोडायचा असेल तर ग्रामपंचायतीत मांडावं लागेल. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, तिथे गटातल्या सगळ्यांनी बसायचं. विषय नुसता बोलून सोडू नका, वहीत लिहायला लावा. लिहिलेलं मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही करा.