पोरगं ढ नाही, शाळेचं माप चुकतंय
(वाटूर येथील बैठकीत मांडलेले विचार)



जमिनीच्या बैठकीत शाळेचं कशाला, असं काहींना वाटंल. पण दाव्याचा कागद उद्या कोण वाचणार? आपलीच पोरं. आणि तीच चौथी-पाचवीत गळतात, म्हणून हा विषय घेतला.

आपल्या वस्तीवरचं पोरगं बघा. पन्नास शेरडांतून कुठलं हरवलं ते एका नजरेत सांगतं. पावलाच्या ठशावरून जनावर वळखतं. कोणत्या झाडाचा डिंक कधी निघतो, हद्दीचा दगड कुठंय, त्याला पाठ आहे. हेच पोरगं वर्गात मागं बसतं आणि ‘ढ’ ठरतं. कारण शाळेकडं एकच माप आहे : पुस्तकातलं पाठ करा, पुस्तकी भाषेत लिहा. एका मापाची चप्पल गावाला घातली तर निम्मे लंगडणारच.

वेगळी शाळा होऊ शकते, हे आपल्याच राज्यात झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं ते डहाणू तालुक्यात कोसबाडला नेलं. वारल्यांची पोरं गुरांमागं जायची, शाळेत येईनात. मग बाईच कुरणात गेल्या. गुरं चरतात तिथंच शाळा, तिचं नाव कुरणशाळा. खडे, बिया, पानं हेच शिकण्याचं सामान. नंदुरबारकडं नर्मदाकाठी धरणाविरुद्ध लढणाऱ्या गावांनी १९९०च्या दशकात स्वतःच्या जीवनशाळा काढल्या. तिथं पोरांच्या बोलीला मान, शेती-जंगलाच्या ज्ञानाला मान. त्यांचं म्हणणं एकच : लढाई-पढाई साथ-साथ.

आपण काही जगावेगळं मागत नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा, कलम २९ म्हणतं की मुलाच्या अंगच्या गुणांचा विकास करा, करून-शोधून शिकू द्या, शक्य तिथवर मातृभाषेत शिकवा, भीती घालू नका. कलम १७ प्रमाणे मारणं आणि मनाला छळणं दोन्ही बंद. ‘ढ’ म्हणणं हा छळच आहे.

मग गावानं काय करायचं?

एक. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बाया पाहिजेत. आपल्या वस्तीच्या आया त्यात बसवा. नुसता अंगठा घेऊन कागद नेऊ देऊ नका, आधी वाचून घ्या.

दोन. प्रत्येक पोराला काय येतं, त्याची यादी करून गुरुजींना द्या. कुणी हिशोबात, कुणी चित्रात, कुणी पळण्यात, कुणी गाण्यात. औषधी जाणणारी आजी, टोपल्या विणणारा बाबा महिन्यातून एकदा वर्गात शिकवू द्या.

तीन. ऊसतोडीला जाण्याआधीच हंगामी वसतिगृहाचा अर्ज समितीच्या ठरावासह द्या. कोयता उचलल्यावर कुणी विचारत नाही.

चार. वनजमिनीवर वस्ती आहे, शाळा नाही, तिथं २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वापरा. ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरच्या आत शाळेला जागा मिळू शकते.

गुरुजी आपले दुश्मन नाहीत. दोन-तीन वर्ग एकटे सांभाळणाऱ्या गुरुजींना गावाची साथ लागते. ती देऊ, आणि जाबही विचारू.

जमीन मिळाली आणि पोरगं स्वतःला बिनकामाचं समजत राहिलं, तर ती जमीन राखणार कोण? पुढच्या ग्रामसभेत पट्ट्याच्या विषयाखाली शाळेचा विषय लिहून घ्या.

जिंदाबाद!