देवळाचा नकाशा काढणारी विद्या



देऊळ मिस्त्रीच्या हाताने उभे राहते. परंतु पाया किती भार घेईल, छतावरचे पाणी कोठून उतरेल, हे आधी कागदावर ठरते. ती विद्या म्हणजे वास्तुकला. दाराची दिशा सांगणारे वास्तुशास्त्र नव्हे!

कोकणातील आचरे गावी १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मध्ये ही विद्या शिकले. पुढे सरकारने त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे वॉल्टर ग्रोपियस यांच्यासारखे गुरू लाभले. कानपूरच्या आय. आय. टी.च्या इमारतींची आखणी त्यांची. दिल्लीचे इस्कॉन मंदिर १९९८ साली खुले झाले, तेही त्यांच्याच आराखड्यावर.

‘मिस्त्री असताना पाच वर्षे शिकायचे कशाला?’ असे घरोघरी विचारतात. पदवीला पाच वर्षे लागतात, हे खरे. पण १९७२ च्या कायद्याप्रमाणे परिषदेकडे नोंद झाल्याखेरीज कोणालाही आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, आणि ही पदवी नोंदणीचा सरळ मार्ग आहे. प्रवेशपरीक्षा निराळी असते. बारावीला गणित लागतेच. दहावीनंतर ते सोडले की दार बंद. मुलींनाही हे सांगावे. वर्ध्याजवळ, नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत ही पदवी मिळते.