मैत्रीतील उसनवार आणि तीन वर्षांची मुदत



रायगडच्या किनाऱ्यावर उसनवार हा शेजारधर्माचाच एक भाग मानला जातो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी पुन्हा समुद्रात लोटावयाची, तर जाळी, इंजिनाची दुरुस्ती, डिझेल आणि बर्फ यांसाठी रोख पैसा लागतो. अशा वेळी मित्र मित्राच्या दारी येतो, आणि देणारा कागद न मागता रक्कम हातावर ठेवतो. बहुतेक वेळा ती परतही येते. परंतु ती परत न आल्यास काय करावयाचे, याची माहिती फार थोड्यांना असते. आजचे विवेचन त्यासंबंधी आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड आणि अलिबाग तालुक्यांत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचे नवे रोप फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. साहजिकच, त्या दिवसांत छपरासाठी आणि बागेसाठी हातउसने घेतलेले पैसे लवकर फिटण्यासारखे नव्हते. देणाऱ्यांनीही भिडेपोटी तगादा लावला नाही. ही भीड माणुसकीची खरी. पण कायद्याची मुदत भिडेसाठी थांबत नाही.

१९६३ च्या मुदत अधिनियमानुसार उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. परतफेडीची तारीख ठरली नसेल, किंवा ‘मागाल तेव्हा देईन’ एवढेच ठरले असेल, तर ही तीन वर्षे रक्कम दिल्या दिवसापासून मोजली जातात, मागितल्या दिवसापासून नव्हे. अनेकांची फसगत होते ती नेमकी येथेच. करोनाच्या साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशान्वये १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. म्हणून वादळानंतरच्या महिन्यात दिलेल्या अशा रकमेची तीन वर्षे १ मार्च २०२२ पासून धरली, तरी ती २०२५ च्या फेब्रुवारीअखेर संपली.

मग मधल्या काळात काय करता आले असते? मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे मान्य असल्याचे लिहून सही केली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. मुदतीत काही रक्कम परत केली आणि त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात अथवा सहीनिशी असली, तरीही तेच होते. मुदत उलटून गेली असेल तर एक वाट उरते. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी आणि सहीचे वचन बंधनकारक ठरते. मात्र असे वचन ऋणकोने आपखुशीने द्यावयाचे असते. म्हणून ज्यांची मुदत टळली आहे त्यांनी रागाने संबंध तोडण्यापूर्वी मित्राशी शांतपणे बोलून एवढा कागद करून घेण्याचा यत्न करावा.

पुराव्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. तोंडी व्यवहारही कायद्याने वैध असतो. अडचण तो सिद्ध करण्याची असते. रक्कम बँकेमार्फत दिल्यास तारीख आणि आकडा आपोआप नोंदला जातो. आयकराच्या नियमांनुसारही, काही अपवाद वगळता, वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम उसनी म्हणून रोखीने स्वीकारता येत नाही. परंतु केवळ बँकेची नोंद पुरेशी नाही, कारण ती रक्कम भेट होती की उसनी, हे तीतून कळत नाही. ते सांगणारी चार ओळींची चिठ्ठी हवी. वचनचिठ्ठी करावयाची असल्यास योग्य मुद्रांक लावूनच करावी. मुद्रांकाविना केलेली वचनचिठ्ठी पुढे दंड भरूनही पुराव्यात घेतली जात नाही. मोबाईलवरील संदेशही पुरावा होऊ शकतात. ते पुसून टाकू नयेत.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. पहिली पायरी नोटिशीची. रक्कम, दिल्याची तारीख आणि परतफेडीची मुदत लिहून ती पोचपावतीसह डाकेने पाठवावी. व्याज हवे असल्यास तसे स्पष्ट लिहावे. नोटीस दिल्याने दाव्याची मुदत वाढत नाही, हे मात्र विसरू नये.

दुसरी पायरी लोकअदालतीची. दावा दाखल होण्यापूर्वीही विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करता येतो. तेथे हप्ते ठरवून तडजोड झाली, तर तिला हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. मित्रामित्रांतील तंट्याला हीच जागा अधिक शोभते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अन्य पात्र नागरिकांना विनामूल्य वकीलही मिळतो.

तिसरी पायरी दिवाणी दाव्याची. ऋणको जेथे राहतो किंवा व्यवहार जेथे झाला, तेथे दावा चालतो. म्हणजे रेवदंड्यात रक्कम घेऊन मित्र मुंबईस राहावयास गेला, तरी दावा अलिबागेस करता येतो. वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीस समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचावासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

मित्राने परतफेडीचा धनादेश दिला आणि तो न वटता परत आला, तर वेगळा मार्ग आहे. बँकेकडून ते कळल्यापासून तीस दिवसांत लेखी मागणी करावी. मागणी पोचल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न आल्यास त्यापुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार करावी. केवळ पैसे परत न करणे हा मात्र गुन्हा नव्हे. घेतानाच फसविण्याचा हेतू होता असे दाखविता आले, तरच पोलिसांकडे जाण्यास अर्थ आहे.

हुकूमनामा मिळाल्यावर त्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. पण कायदा ऋणकोचाही विचार करतो. त्याची स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे जप्त होत नाहीत. ऐपत नसल्यामुळेच जो देऊ शकत नाही, त्याला तुरुंगात टाकणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून दाव्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा: मित्र देऊ शकत नाही, की देऊ इच्छित नाही? पहिल्यासाठी हप्ते आहेत, दुसऱ्यासाठी न्यायालय.

शेवटी देणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. अडचणीत एखाद्यास केलेली मदत ही सावकारी नव्हे. परंतु व्याजाने पैसे देण्याचा धंदाच कोणी परवान्याविना करू लागला, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानुसार तो गुन्हा ठरतो आणि त्याची वसुलीही न्यायालयात टिकत नाही.

कागद मागणे म्हणजे अविश्वास, ही समजूत आपण सोडली पाहिजे. घेणाऱ्यानेच आपण होऊन चिठ्ठी लिहून द्यावी. पुढे आकड्यावरून वाद होत नाही आणि दोघांच्या पश्चात मुलाबाळांनाही देणेघेणे कळते. आपल्याकडे अशी एखादी रक्कम येणे असेल, तर ती कोणत्या तारखेस दिली, हे आजच पाहून ठेवावे आणि तीन वर्षे पुरी होण्याआधी त्या मित्राची भेट घ्यावी.