निवडणुकीचे भाकीत

सार्वत्रिक निवडणूक जवळ आली की चावडीपासून वृत्तपत्राच्या कचेरीपर्यंत एकच प्रश्न घोळू लागतो : कोणता पक्ष जिंकणार? काही हजार मतदारांना काळजीपूर्वक निवडून विचारले, तर मतांचा अदमास बांधता येतो. परंतु मतांवरून जागा सांगणे कठीण. लोकसभेच्या २००९ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने सुमारे १९ टक्के मतांवर ११६ जागा जिंकल्या. २०१४ मध्ये काँग्रेसला जवळजवळ तितकीच मते पडली. जागा मात्र ४४! मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवील तोच निवडून येतो. इतरांची मते निष्फळ ठरतात. म्हणून काही भागांत एकवटलेली मते जागा देतात, देशभर विखुरलेली देत नाहीत. २००४ मध्ये बहुतेक भाकिते सत्तारूढ आघाडीच्या बाजूची होती. निकालाने ती खोटी पाडली.

भाकीत चुकल्याने फारसे बिघडत नाही. मात्र ते खरे मानून मतदार घरी बसला, तर बिघडते. राजस्थान विधानसभेच्या २००८ च्या निवडणुकीत नाथद्वारा येथे सी. पी. जोशी पराभूत झाले, ते अवघ्या एका मताने.