घर माझे, भुई गावाची

(मंडळाच्या परिचयमालेत दिलेले भाषण)



आपल्या परिचयमालेत दरवर्षी कोणी ना कोणी एखाद्या मोठ्या व्यक्तीची ओळख करून देते. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव यादीत घातले, तेव्हा मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शंभर पोळ्या लाटायला सांगा, हसत लाटीन, पण भाषण?" त्या काही ऐकेनात. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यात विद्वत्ता शोधू नका. जे ऐकले आणि जे समजले तेवढेच सांगते.

आज मी ओळख करून देणार आहे ती हान्स बेर्नुली नावाच्या स्विस वास्तुविशारदाची. स्विस वास्तुविशारद म्हटले की जाणत्यांना चंडीगड आखणारे ल कॉर्बुझिए आठवतात. बेर्नुलींचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. मलाही ते ठाऊक नव्हते. ते कळले आमच्या घरातल्या एका भांडणामुळे.

झाले असे, की गेल्या वर्षी आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे कागद सह्यांसाठी घरोघर फिरले. आमच्याकडे ह्यांनी पेन काढले. मी सहज विचारले, "नवी इमारत होईल ते ठीक, पण खालची जमीन कोणाच्या नावावर राहील?" हे म्हणाले, "तुला काय करायचेय जमिनीशी? खोली मोठी मिळते आहे ना?" शेजारी विचारले, तर त्यांनाही माहीत नाही. कागद घेऊन आलेल्या गृहस्थांनी तर ऐकूनच घेतले नाही. मी खट्टू होऊन स्वयंपाकघरात गेले. आमची थोरली आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकते. ती मागून आली आणि म्हणाली, "आई, तू जो प्रश्न विचारलास ना, तोच एका प्राध्यापकाने आयुष्यभर विचारला. त्यापायी त्याची नोकरी गेली."

मग रोज संध्याकाळी मी भाजी निवडायची आणि तिने सांगायचे, असे आमचे चालले.

बेर्नुलींचा जन्म १७ फेब्रुवारी १८७६ रोजी बासेल शहरात झाला. हे शहर ऱ्हाईन नदीच्या काठी, स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सीमा भेटतात तिथे आहे. बेर्नुली घराणे तिथले नामांकित. त्यात पूर्वी मोठमोठे गणिती होऊन गेले. याकोब, योहान आणि डॅनिएल बेर्नुली यांची नावे गणित शिकणारी मुले अजून घेतात. अशा घरातल्या या मुलाने मात्र घरे बांधण्याची विद्या घेतली. जर्मनीत शिक्षण झाले आणि पुढे कामही बर्लिनला मिळाले.

त्या काळचे बर्लिन कसे होते ते ऐका, म्हणजे तुम्हाला ते परके वाटणार नाही. पाच-पाच मजल्यांच्या भाड्याच्या इमारती, एकीमागे एक, मध्ये अंधारे चौक. १८५३ च्या बांधकाम नियमाप्रमाणे आगीचा बंब वळला म्हणजे चौक पुरेसा, म्हणजे जेमतेम सव्वापाच मीटर लांब आणि तेवढाच रुंद. अशा चौकांभोवती कामगारांची बिऱ्हाडे राहत. का, तर जमीन महाग. जमीन महाग म्हणून माणसे एकावर एक रचायची. लेकीने हे सांगितले तेव्हा मी हातातली मेथी खाली ठेवली. आपल्या चाळीतल्या मागच्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागतो, त्याचे कारण मला तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

१९१२ साली बेर्नुली बासेलला परतले आणि तिथल्या एका बांधकाम कंपनीचे मुख्य वास्तुविशारद झाले. १९१३ पासून झुरिचच्या सरकारी तंत्रविद्यापीठात ते नगररचना शिकवू लागले. हे विद्यापीठ लहानसहान नव्हे. आइनस्टाइन तिथेच शिकले, आणि १९१२ ते १९१४ या काळात तिथे प्राध्यापकही होते. बेर्नुलींना १९१९ साली प्राध्यापक ही पदवी मिळाली. १९२७ ते १९२९ ही तीन वर्षे त्यांनी 'दास वेर्क' या नावाजलेल्या मासिकाचे संपादनही केले.

पण नुसते शिकवणे आणि लिहिणे यावर हा माणूस थांबला नाही. पहिल्या महायुद्धानंतर घरांची फार टंचाई झाली होती. बेर्नुलींनी कामकरी आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांसाठी वसाहती आखल्या. बासेलच्या हिर्झब्रुनेन भागात १९२४ पासून पुढे त्यांनी जे काम केले त्यामागे सहकारी संस्था होती. झुरिचला हार्डटुर्म रस्त्यालगत १९२४ ते १९२९ मध्ये त्यांनी बांधलेल्या घरांना तर लोक 'बेर्नुलीघरे' म्हणूनच ओळखतात. ती अजून उभी आहेत.

लेकीने मला त्या घरांची चित्रे दाखवली. मी राजवाडे पाहायला मिळतील अशी वाट पाहत होते. पाहते तो काय, भिंतीला भिंत लावून ओळीने उभी असलेली साधी घरे! पण प्रत्येकाला स्वतःचे दार, वर माडी आणि मागे बागेची पट्टी. घरे छोटी, पण उजेडाची. एका ओळीत बांधल्याने भिंती वाचतात, खर्च वाचतो आणि बेताच्या मिळकतीतही घर परवडते, हा त्यातला हिशेब. भगिनींनो, हा हिशेब बाईमाणसाला लगेच कळतो. एका लुगड्यात दोन परकर कसे बसवायचे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. घरे बांधता बांधता बेर्नुलींच्या ध्यानात आले, की घर स्वस्त करण्याची कितीही युक्ती केली तरी खालची जमीन ती सगळी बचत गिळून टाकते. एखाद्याची पडीक जागा असते. शहर तिथे रस्ता नेते, ट्राम नेते, शाळा काढते, नळ आणते. पैसा सगळ्या गावाचा. जागेचा मालक मात्र काडी न हलवता श्रीमंत होतो. त्याने ना वीट रचली, ना झाड लावले. आणि भाडेकरी त्या वाढीव किमतीचा भार दर महिन्याला उचलतो.

यावर त्यांचे म्हणणे असे होते, की जमीन गावाची असावी आणि घर माणसाचे असावे. नगरपालिकेने मालकांना मोल देऊन हळूहळू जमीन घ्यावी. ती पुन्हा विकू नये. ज्याला घर बांधायचे त्याला ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने द्यावी आणि दरसाल भुईभाडे घ्यावे. मुदत साधारण इमारतीच्या आयुष्याएवढी. एका भागातल्या पट्ट्यांची मुदत एकदम संपेल अशी आखावी, म्हणजे जुना झालेला सगळा भाग नीट विचाराने नवा करता येईल. एक इमारत पडते आहे, शेजारची नवी, तिसरी कज्ज्यात अडकलेली, असे होणार नाही. १९४२ साली शहरांच्या नूतनीकरणावर आणि १९४६ साली 'शहर आणि त्याची जमीन' अशा अर्थाच्या नावाने त्यांनी जी पुस्तके लिहिली, त्यांत हा विचार मांडला आहे. जुन्या काळी युरोपातली कितीतरी शहरे अशाच भुईभाड्याच्या जमिनीवर वसली होती. पुढे ती खासगी मालकीची झाली आणि शहराचा हात बांधला गेला, असे ते दाखवून देतात.

हा विचार करताना त्यांच्यावर सिल्व्हिओ गेझेल या व्यापाऱ्याच्या मतांचा पगडा बसला होता. गेझेल १९३० साली वारले. त्यांचे म्हणणे दोन गोष्टींचे होते. एक, जमीन सर्वांची असावी. दुसरी, पैसा साठवून ठेवणाऱ्याला भुर्दंड बसावा, म्हणजे पैसा फिरता राहील. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाने १९३२-३३ मध्ये हा प्रयोग खरोखरच केला. नोटेवर दरमहा शेकडा एक एवढ्या किमतीचे तिकीट चिकटवावे लागे, नाहीतर नोट चालेना. गावात कामे निघाली, पण १९३३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने प्रयोग बंद पाडला. खरे सांगते, पहिली गोष्ट मला पटली, दुसरी पटली नाही. तांदळाच्या डब्यात चार नोटा ठेवून आपण अडीअडचण निभावतो. त्यांची किंमत महिन्याच्या महिन्याला उतरू लागली तर मुलांच्या फीचे काय करायचे?

बेर्नुली मात्र या चळवळीचे उघड पुरस्कर्ते होते. तिच्या बाजूने ते बोलत आणि लिहीत. विद्यापीठाच्या वरिष्ठांना ते रुचले नाही. १९३८ साली, पंचवीस वर्षे शिकवल्यानंतर, त्यांचे अध्यापन काढून घेण्यात आले. तेव्हा त्यांचे वय बासष्ट. त्यांच्या घरांना कोणी नाव ठेवले नव्हते. नडली ती त्यांची मते. गप्प बसले असते तर सन्मानाने निवृत्त झाले असते.

मी लेकीला विचारले, "मग त्यांनी काय केले?" ती म्हणाली, "लिहीत राहिले." मघाशी सांगितलेली दोन्ही पुस्तके नोकरी गेल्यानंतरची आहेत. १९४७ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते स्वित्झर्लंडच्या संसदेत निवडून गेले आणि १९५१ पर्यंत तिथे होते. ज्या पक्षातर्फे ते गेले तो गोटलीब डुटवायलर यांनी काढलेला. हे डुटवायलर म्हणजे १९२५ साली पाच मोटारगाड्यांतून तांदूळ, साखर, कॉफी, साबण असे सहा जिन्नस स्वस्तात दारोदार विकणारे गृहस्थ. गृहिणींनी त्यांना हात दिला म्हणून त्यांचा धंदा वाढला. पण गंमत पाहा, त्याच गृहिणींना १९४७ मध्ये मत देता येत नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये देशाच्या निवडणुकीत बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९७१ साली. आपल्याकडे तो १९५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून आहे. एवढ्या एका बाबतीत आपण त्यांच्या पुढे होतो.

१२ सप्टेंबर १९५९ रोजी बासेलमध्येच बेर्नुली वारले. देशातली सगळी जमीन काही गावांच्या मालकीची झाली नाही. पण त्यांचे बोलणे वाऱ्यावरही गेले नाही. २०१६ साली बासेलच्या मतदारांनी कौल दिला, की शहराने आपल्या मालकीची जमीन विकत सुटू नये, ती पट्ट्याने द्यावी. त्यांना जाऊन तेव्हा छप्पन्न वर्षे झाली होती.

माझी एक शंका आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. पट्ट्याची मुदत संपली, इमारत जुनी झाली, सगळा भाग नवा करायचा ठरला. ठीक. पण त्या घरात सत्तर वर्षांची एखादी एकटी बाई राहत असेल, तिने कुठे जायचे? शेजार म्हणजे तिचे औषध, तिचे किराणा-दुकान, तिची हाक ऐकणारी माणसे. लेक म्हणाली, "आई, हे तू त्यांना विचारायला हवे होतेस." ते काही आता जमायचे नाही. पण आपल्या इमारतींच्या बाबतीत विचारता येईल.

आमच्या कागदावर अजून सही झालेली नाही. हे थोडे रुसले, मग म्हणाले, "बरे, आधी जमिनीचा उतारा काढून आणू." उतारा आला आहे. त्यातले निम्मे शब्द मला कळत नाहीत. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी असेच कागद आले आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून माझी विनंती आहे, की पुढच्या महिन्यात हळदीकुंकू झाल्यावर तासभर बसावे आणि आपापले कागद घेऊन यावे. माझी लेक येईल, कोणाच्या ओळखीचे वकील असतील तर त्यांनाही बोलवू. जमीन कोणाची, मुदत किती आणि म्हाताऱ्या माणसांची सोय काय, हे तीन प्रश्न आधी विचारू. सह्या मागाहून करता येतील.