माडावरचा नारळ आणि काकीचं मशीन



गेली कित्येक वर्षं एप्रिल-मे महिन्यांत मी आंब्याच्या पेट्या भरतो आहे. खाली पेंढा, त्यावर फळांचा थर, पुन्हा पेंढा, आणि झाकण ठोकण्यापूर्वी तळहाताने सगळीकडून दाबून बघायचं. तोंडवलीहून मुंबईला गेलेल्या माझ्या पेटीत आंबा चेपला अशी तक्रार क्वचितच आली असेल. सामान बांधायला मला कुणी शिकवू नये, असा एक ताठा त्यामुळे अंगात मुरला होता. काकीचं शिलाई मशीन मोडलं ते त्या ताठ्यामुळे.

काकी लालबागला राहायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काका घरी बसले ते बसलेच. पुढची कितीतरी वर्षं काकीने पायमशीनवर ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश शिवून घर चालवलं. चाळ पाडायची ठरली तेव्हा ती गावी परत आली. भांडीकुंडी तिने वाटून टाकली होती. मला म्हणाली, "बाकी काय नको, माजा मशीन तेवडा हाडून दी."

मी मुंबईला गेलो. मोठं खोकं मिळवलं, फ्रिजबरोबर आलेला थर्माकोल मिळवला, शेजारपाजारची रद्दी गोळा केली, काकीची दोन जुनी लुगडी घेतली आणि आंब्याची पेटी भरावी तसं मशीनचं डोकं मऊमऊ गुंडाळून त्यात ठेवलं. बाहेरून खोक्यावर तांबड्या शाईने लिहिलं, 'सांभाळून'. माल घेणाऱ्या कारकुनाने विचारलं, "किंमत काय लिहू?" मी म्हटलं, "जुनंच आहे हो, लिहा पाचशे." हे पाचशे ध्यानात ठेवा.

चौथ्या दिवशी मालवणात माल उतरला. खोक्याला बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. पावसाची सर येत होती. गाडीवाला म्हणाला, "काका, सही करा पटकन." मी केली. घरी पडवीत खोकं उघडलं तर उजवीकडचं हातचाक तीन तुकडे होऊन पडलेलं, आणि ज्यावर कापड सरकतं त्या पाटाचा कोपरा तडकलेला. काकीने तुकडा हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, "हेचो कान मोडलो मरे." मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

बाहेर ओरखडा नाही आणि आत तीन तुकडे, हे कोडं मला बरेच दिवस सुटेना. ते सुटलं आमच्या घराच्या मागे. माडावरून नारळ पडला, धप्प आवाज आला, मी जाऊन उचलला, तर त्याला काही झालेलं नव्हतं. पन्नास फुटांवरून पडला होता. कुणी म्हणेल, वाळूत पडला म्हणून वाचला. पण आमच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर पडलेले नारळही बहुतेक वेळा शाबूत असतात. तोच नारळ सोलून कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर पाडा, पाणी सगळीकडे होईल. सगळी करामत सोडणाची, म्हणजे नारळावरच्या सालाची. आणि सोडण मऊ नसतं हो! बोटाने दाबून बघा, दबत नाही. ते चिवट असतं, आणि आतल्या करवंटीला चहूकडून असं घट्ट धरून असतं की मध्ये बोटभर जागा राहत नाही.

इथे थोडा हिशेब सांगतो, कंटाळू नका. वस्तू एक मीटरवरून पडली आणि दोन सेंटीमीटर अंतरात थांबली, तर थांबताना तिच्यावर सरासरी पन्नासपट भार येतो. पाव किलोच्या आंब्याला तो साडेबारा किलोचा. मशीनचं डोकं बारा-एक किलोचं, त्याला तो सहाशे किलोंचा. आता ज्या थर्माकोलवर मी ते ठेवलं होतं त्याचं काय झालं असेल? मुंबई सोडल्यापासून घाटातली वळणं आणि महामार्गावरचे खड्डे खाताखाता थर्माकोलचा भुगा झाला, रद्दी चेपली, आणि डोक्याला खोक्यात हालायला जागा झाली. मग प्रत्येक खड्ड्याला ते स्वतःच खोक्याच्या तळावर आपटत राहिलं. म्हणजे हमालाने फेकलं नाही, कुणी लाथ मारली नाही. जड वस्तू आपल्याच वजनाने मोडते. आंबा पेंढ्यात तरंगतो, बीड पेंढ्यातून खाली जातं.

हो, हे मशीन बिडाचं. घावणे घालायचा आपला बिडाचा तवा आठवा. वर्षानुवर्षं चुलीवर राहील, पण एकदा हातातून निसटला की दोन तुकडे. बीड वाकत नाही, तडकतं. शिवाय शिलाई मशीनची एक खोड आहे, ती मला आधी कुणी सांगायला हवी होती. डोकं फळीवरून काढून सपाट जागेवर ठेवलं तर हातचाक पाटाच्या खाली लोंबतं. सगळा भार पहिल्यांदा त्याच्यावर येतो. काकीचा 'कान' तिथे मोडला.

तडकलेला कोपरा आणि चाक दुरुस्त करायला डोकं पुन्हा मुंबईलाच धाडावं लागणार होतं. या वेळी मी आमच्या सुताराला बोलावलं. मधला स्क्रू सैल करून तुटक्या चाकाचं उरलेलं बूड काढलं. सुई, बॉबिन, रिळाचा खिळा, सगळं उतरवून वेगळ्या पिशवीत ठेवलं. पाटाच्या मापाची लाकडी चौकट केली, डोकं तिच्यावर बसवलं आणि खाटेच्या नवारीने असं आवळलं की चौकट उचलली की डोकं उचललं जावं. मग चौकट आणि बाहेरच्या लाकडी खोक्याच्या मध्ये सुकी सोडणं ठोकून ठोकून भरली. सुकीच हवीत. खाडीच्या पाण्यात कुजवलेलं सोडण घेऊ नका, त्यातला खार लोखंडाला खातो. लोखंडाला आधी तेलाचा हात, त्यावर सुती कापड, मगच बाकीचं. झाकण लावून खोक्याला कान लावला आणि ते हलवलं. आत खुट्ट वाजलं. पुन्हा उघडलं, आणखी दोन सोडणं कोंबली. आता वाजलं नाही.

'सांभाळून' असं या वेळी लिहिलं नाही. ते कोण वाचतं? आणि रात्री दोन वाजता गाडी रिकामी करणाऱ्याने का वाचावं? त्याऐवजी खोक्याच्या बुडाला दोन रिपा मारल्या म्हणजे खाली बोटं जातात, आणि दोन्ही बाजूंना सुंभाच्या मुठी केल्या. वर मोठ्या अक्षरांत वजन लिहिलं, 'दोघांनी उचला' असं लिहिलं. धरायला जागाच नसलेलं जड खोकं माणसाच्या हातून निसटलं, तर त्यात हमालाला बोल लावणं मला पटत नाही. मशीनचा स्टँडही तसाच अख्खा पाठवू नये. बोल्ट काढले की त्याच्या दोन बाजू, पायटा आणि मधला आडवा तुकडा सुटा होतो. प्रत्येकाला वेगळं गोणपाट बांधावं. आमच्या नशिबाने तो पहिल्या खेपेत वाचला होता.

आता त्या पाचशे रुपयांकडे येतो. भरपाईसाठी मी कागदपत्रं चाळायला लागलो तेव्हा कळलं की इंग्रजांच्या वेळचा १८६५ चा वाहतूकदारांचा कायदा जाऊन २००७ चा रस्ता वाहतुकीचा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्यात माल मोडला तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा ग्राहकाला सिद्ध करावा लागत नाही, हे चांगलं. पण जादा जोखमीचा दर भरायचं आधी कबूल केलं नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापट, तीसुद्धा पावतीवर लिहिलेल्या किमतीच्या आत. माझं भाडं साडेतीनशे. दहापट म्हणजे साडेतीन हजार मिळू शकले असते, पण मी माझ्याच तोंडाने पाचशे लिहायला लावले होते. रेल्वेने पार्सल पाठवणाऱ्यांनीही हे ऐकावं: किंमत जाहीर केली नाही तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे पन्नास रुपयांपुरती. बारा किलोंचे सहाशे. आणि माल नीट बांधलेला नव्हता असं ठरलं तर रेल्वेचा हलगर्जीपणा आपल्याला दाखवावा लागतो.

पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'माल मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं असतं, त्याने घाबरू नका. नुसत्या त्या ओळीने वाहतूकदार सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. मात्र मुदती पाळा. रस्त्याने माल पाठवला असेल तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस, रेल्वेला सहा महिन्यांच्या आत. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांपर्यंत जाता येतं. आपला जिल्हा आयोग सिंधुदुर्गनगरीला आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, आणि नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ हा क्रमांक फिरवा. पण या सगळ्याच्या मुळाशी तुमच्याकडची पावती लागते. खासगी बसच्या टपात सामान टाकून ड्रायव्हरचा मोबाइल नंबर लिहून घेणं ही पावती नव्हे.

आणि सही. पाऊस येऊ दे, गाडीवाल्याला उशीर होऊ दे, खोकं उघडल्याशिवाय सही करू नका. उघडूच देत नसेल तर सहीच्या वर लिहा, 'आतला माल तपासलेला नाही', आणि खोक्याचा फोटो काढा. मोडतोड दिसली तर खोकं, सोडणं, दोऱ्या, काहीही टाकू नका. पाहणी करायला येणारा माणूस पहिल्यांदा तेच मागतो. मी रद्दी आणि थर्माकोल दुसऱ्याच दिवशी बंबात घातला होता. भरपाईची एक पैही मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर निम्मी चूक माझीच होती.

डोकं मुंबईला पोहोचलं, कोपरा पितळेने सांधला गेला, जुन्या बाजारातून दुसरं हातचाक मिळालं. कारागिराला फोनवर एकच सांगितलं होतं, की मी पाठवलं तसंच परत भरा, सोडणं फेकू नका. परत आलं तेव्हा मालवणात भर पावसात, गाडीवाल्याच्या नाकावर टिच्चून, मी झाकण उघडून बघितलं. नंतरच सही केली. काकी आता त्यावर गोधड्या शिवते.

ते लाकडी खोकं आमच्या माळ्यावर आहे. तोंडवली-तळाशील भागातल्या कुणाला जातं, मशीन, पंप, पायपेटी असं काही जड पाठवायचं असेल तर खुशाल घेऊन जा. सोडणं मात्र आपापली आणा.